करडईच्या काठाची चोरी

१ ऑगस्ट, शुक्रवार

दिग्विजय म्हणतो, "आई, मोबाइलमध्येच लिही की, कुठंही वाचता येतं." कुठंही वाचता येतं म्हणूनच मी मोबाइलमध्ये लिहिणार नाही. परवा फोनवर जाऊबाईंशी गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलले आणि संध्याकाळपासून मोबाइलवर तेलाच्या जाहिराती सुरू. माझे गुडघे माझे आहेत. ते कुणाला दाखवायचे ते मी ठरवीन. सोसायटीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती, तिच्यात लिहिते. हिच्यात कुणी नाक खुपसत नाही.

आज करडईच्या काठाची पहिली साडी देवीला नेसवली. डाळिंबी अंग, पिवळा काठ, काठात करडईची काटेरी फुलं. नक्षी मी स्वतः कागदावर काढली. हे गेल्यापासून बेळगावच्या खासबागेतला आमचा मागाचा कारखाना मीच चालवते, पण अशी साडी ह्यांच्या वेळीही झाली नव्हती. नवीन काठ निघाला की पहिली साडी देवीची, ही सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची रीत. मग महिनाभर माल विणून साठवायचा आणि सणाच्या तोंडावर बाजारात काढायचा.

साडी नेसवली की फोटो. 'देवीदर्शन' हा ग्रुप मीच काढला. बेळगाव, निपाणी, पार कोल्हापूरपर्यंतची माणसं आहेत त्यात, आणि सकाळी माझा फोटो आल्याशिवाय त्यांचा चहा होत नाही. दिग्विजयने घेऊन दिलेल्या फोनमध्ये काठाचा धागा न् धागा दिसतो. खाली नेहमीचं लिहिलं, 'दर्शन घ्या, पुढे पाठवा, आईची कृपा होईल.' निपाणीचा नागेंद्र, साड्यांचा व्यापारी, वर्षातून दोनदा आमच्याकडून माल नेतो. त्याने लगेच लिहिलं, 'आक्का, आईचं रूप काय सुंदर! पदर नीट दिसला नाही, पदराचं पण दर्शन घडवा.' मी परत देवळात गेले, पुजाऱ्याला पदर पसरून धरायला लावला आणि जवळून फोटो काढून पाठवला. व्यापारी असूनही केवढी श्रद्धा आहे माणसाची.

५ ऑगस्ट, मंगळवार

लोकांना ग्रुप म्हणजे काय कळतच नाही. देवीच्या फोटोखाली कुणी प्लॉट विकायला काढतो, कुणी लिंबूपाण्याने साखर कशी पळते ते सांगतो. एकाने तर स्वतःच्या मेव्हण्याच्या घटस्फोटाची हकिगत टाकली, नावानिशी. मी त्याला फोन करून झापलं. घरातलं घरात ठेवावं, एवढी साधी गोष्ट कुणी शिकवायची?

मालुबाईने उद्याची रजा मागितली. मालुबाई आमच्याकडे विणायच्या सुताच्या कांड्या भरते, माझं लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच्या थोड्याच दिवसांनी ती कामाला लागली. तिची थोरली बहीण बायाक्का आमच्याच मागावर विणायची. आता निपाणीला मुलाकडे अंथरुणाला खिळून आहे. "आक्का, लई खंगलीया. बोलत न्हाय, वळकत न्हाय. जाऊन येतो," म्हणाली. दिली रजा.

२४ ऑगस्ट, रविवार

बाहेरची साडीसुद्धा न बदलता लिहायला बसले.

निपाणीला नणंदेच्या नातवाच्या बारशाला गेले होते. पाळण्याजवळ नणंद उभी, आणि तिच्या अंगावर माझी साडी! डाळिंबी अंग, पिवळा काठ, काठात करडई. हात लावून बघितलं तर चिकट प्लास्टिकचा धागा. पण नक्षी माझी. फुलाचे काटे मी एका बाजूला जरा जास्त वाकवले होते, तेसुद्धा तसेच वाकलेले. नणंद म्हणते, "वैनी, कशी हाय? बाजारात नवीन आलीया, लई स्वस्त." तळपायाची आग मस्तकात गेली. माझा माल अजून कपाटात आहे, एकही साडी बाहेर गेलेली नाही, आणि हिच्या अंगावर कशी?

बारशाचं न जेवताच निघाले. नणंदेला वाटलं मला तिची साडी आवडली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

साडी कपाटातून बाहेर गेलेली नाही म्हणजे नक्षी कारखान्यातून बाहेर गेली. आणि आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. मी दारात पत्र्याचा डबा ठेवला. आत येताना फोन डब्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. रवळू हा आमचा सगळ्यात चांगला विणकर, तोच पहिला तोंड वर करून बोलला.

"आक्का, घरात म्हातारी आजारी हाय. फोन आला तर मला कसं कळायचं?"

"माझ्या फोनवर करायला सांग."

"मग तुमचा फोन पन टाका की डब्यात."

सगळे हसले. मी म्हटलं, मी मालकीण आहे, माझ्याच नक्षीची मी चोरी करणार का? मग एकेकाने फोन टाकले. मालुबाईने काही न बोलता फोन डब्यात ठेवला. तेही मला जरा खटकलं.

करडईचा माल आता कोण घेणार? मागावर दुसरी नक्षी चढवायला घेतली आहे, जास्वंदीची. दिवाळीला तीच तारून नेईल. ती बाहेर गेली तर कारखान्याला कुलूप लागेल, हे मी कुणाला बोलले नाही, इथं लिहिते.

२ सप्टेंबर, मंगळवार

दिग्विजयने बंगळुरूहून कॅमेरा मागवून दिला. आज माणूस येऊन बसवून गेला. सगळे माग दिसतात, माझ्या फोनवर आणि दिग्विजयच्या फोनवर. आवाज येत नाही, आवाजवाला महाग होता. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकून करायचं तरी काय?

विणकर सारखे वर बघतात. बघू देत.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दिग्विजयचा फोन. हसतोय. "आई, काल दुपारी खुर्चीत झोपलीस बघ. तोंड उघडं होतं."

"बंगळुरात बसून माझं तोंड बघतोस व्हय रे?"

"आई, ते आपोआप रेकॉर्ड होतं. मी मुद्दाम कशाला बघू?"

मग कळलं की माजघराचं दारही त्यात दिसतं. म्हणजे मी न्हाऊन केस पुसत बसते ते, पाय चोळत बसते ते, सगळं बंगळुरूला. माझ्या घरात मी कशी बसावी हे आता जगाला दाखवायचं? मी त्या माणसाला परत बोलावलं आणि कॅमेरा मागांकडे वळवायला लावला. तो यायच्या आधी टॉवेल टाकून ठेवला होता त्याच्यावर.

दिग्विजय म्हणाला, "आई, कामगारांनाही असंच वाटत असेल." त्यांचं वेगळं आहे. ते कामाला येतात, मी इथं राहते.

१० सप्टेंबर, बुधवार

सापडली.

दिग्विजयने दुपारी व्हिडिओ पाठवला आणि खाली नुसतं लिहिलं, 'हे बघ.' जेवायची सुट्टी. विणकर मागे परसात जेवतायत. रवळू माग चालूच ठेवून पाणी प्यायला गेलेला. मालुबाई डब्यातून आपला फोन काढते, चालू मागासमोर जाऊन उभी राहते, आणि फोन मागाकडे धरते. जास्वंदीच्या काठाकडे! थोडा वेळ नाही, चांगला बराच वेळ. मध्येच पदराने तोंड पुसते. घाम आला असणार, चोरी करताना येतोच.

मी तिला माजघरात बोलावलं.

"कुणाला दाखवत होतीस?"

"दाखवत न्हवतो आक्का. बायाक्काला माग ऐकवत होतो. ती डोळं उघडत न्हाय आता. मागाचा आवाज आला की बोटं हलिवती."

"दिवसभर ह्या आवाजाने आमचे कान किटतात, आणि ती निपाणीत पडून हा आवाज ऐकते?"

"तिचं सारं आयुष्य ह्या आवाजात गेलं की वो."

"मग नवीन काठासमोरच का उभी राहिलीस?"

"त्योच एक माग चालू हुता."

सगळी उत्तरं तयार. तिने फोन माझ्यासमोर धरला, "बगा, कुणाला लावलाता ते बगा." मी बघितला नाही. पुसून टाकलं असणारच, एवढं मला कळतं. म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "आक्का, तुमी मला चोर म्हणतासा?" मी म्हटलं, मी नाही, कॅमेरा म्हणतो.

इतक्या वर्षांचं माणूस.

११ सप्टेंबर, गुरुवार

'मागवाले' ग्रुपवर व्हिडिओ टाकला. शहापूर, वडगाव, खासबाग, सगळे कारखानदार आहेत त्यात. लिहिलं, 'बंधूंनो, सावध राहा. जुन्या माणसावरही विश्वास ठेवू नका.' दिग्विजय नको म्हणत होता. "आई, तिचा चेहरा दिसतोय." चोराचा चेहरा दिसायलाच पाहिजे, नाहीतर लोक ओळखणार कसे? उद्या ही दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन हेच करेल. माझं नुकसान झालं ते झालं, दुसऱ्याचं तरी वाचेल.

दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. 'धाडसी पाऊल आक्का.' 'पदराने डोळे पुसण्याचं नाटक बघा.' 'अशांना फोडून काढलं पाहिजे.' मी सगळ्यांना अंगठा दिला. देवीच्या फोटोलासुद्धा इतके अंगठे कधी आले नव्हते.

१३ सप्टेंबर, शनिवार

नणंदेने निपाणीहून मला एक व्हिडिओ पाठवला, 'वैनी हे बघा काय जमाना आलाय.' माझाच व्हिडिओ. त्यात कुणीतरी रडकं संगीत घातलंय, आणि वर लाल अक्षरांत मालुबाईचं नाव आणि गल्ली. नाव मी लिहिलं नव्हतं. मी नक्कीच लिहिलं नव्हतं.

रवळू कामावर येऊन गुपचूप मागाशी गेला. दुपारी सांगितलं, "मालुबाई काम मागाया गेली तर वडगावात दारातनंच परत लावलं. व्हिडिओतली म्हणून." मी म्हटलं, मी काय करू? तो म्हणाला, "तुमी काय करणार, आक्का," आणि माग चालू केला. ती पिरनवाडीला लेकीकडे, रक्षाकडे, राहायला गेली म्हणे. गल्लीतली पोरं मागे लागत होती.

जरा वाईट वाटलं. पण चोरी केली तिने, मी नाही. कांड्या मीच भरते आहे. बोटं सुजली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. पितृपक्ष संपायची वाट बघत होते, कारण त्या पंधरवड्यात देवीला नवीन वस्त्र देत नाहीत. आज जास्वंदीची पहिली साडी देवीला. हिरव्या अंगावर लाल जास्वंद, दुरूनसुद्धा उठून दिसते. ह्या वेळी वाराही लागू दिला नाही. माग पडद्याआड, रवळूशिवाय कुणाला आत सोडलं नाही, आणि रवळूवरही कॅमेरा.

फोटो असा आला की माझं मलाच कौतुक वाटलं. समोरून, बाजूने, काठाचा जवळून, पदराचा जवळून. नागेंद्रने लिहिलं, 'आक्का, नवरात्र पावन झालं. निऱ्यांचं पण दर्शन द्या.' दिलं. पुण्यकाम आहे, त्यात कंजुषी कशाला?

९ ऑक्टोबर, गुरुवार

नागेंद्रचं स्टेटस. 'दिवाळी धमाका, नवीन माल.' हिरवी साडी, लाल जास्वंद.

मी फोन खाली ठेवला, परत उचलला, परत बघितलं. माझी फुलं. पण मालुबाई कुठं आहे इथं? तिने फोन धरला तेव्हा मागावर नुसता काठ होता, हा पदर तर ती गेल्यावर विणला. मग रवळू? त्याच्यावर तर दिवसभर कॅमेरा. मग तो कॅमेरा बसवणारा? दिग्विजयला विचारलं, हे रेकॉर्डिंग बंगळुरूशिवाय अजून कुठं जातं? तो म्हणाला, "आई, कंपनीच्या सर्व्हरवर जातं, पण ते लोक साड्या कशाला बघतील?" मला काय माहीत कोण काय बघतं! एवढं आपलं जगाकडे पाठवून ठेवायचं आणि वर म्हणायचं, कोण बघतंय? उद्या निपाणीला जाते आणि नागेंद्रलाच विचारते माल कुठून आणला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात शिरले तर नागेंद्र उठून उभा राहिला. "या आक्का, या. चहा सांगतो."

"चहा नको. हा काठ कुठनं आला?"

तो माझ्याकडे बघून हसला. मी थट्टा करते आहे असं वाटलं त्याला. मग मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. देवी. समोरून, बाजूने, पदर, काठ, निऱ्या. करडईची, जास्वंदीची, गेल्या वर्षीची कोयरीसुद्धा.

"तुमीच पाठिवलासा की. आमचा नक्षी उतरिवणारा कॉम्प्युटरवाला म्हणतो, दुकानातली साडी म्होरं पसरून ठेवली तरी असा साफ फोटो निघत न्हाय."

"अरे, तो देवीचा फोटो होता!"

"व्हय की. हात जोडूनच घेतला. आईचा प्रसाद सगळ्यांचाच. आनि खाली तुमीच लिवलंय, पुढे पाठवा म्हणून."

मी त्याला नाही नाही ते बोलले. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर. तो म्हणाला, "आक्का, चोर लपवून नेतो. मी तर तुमाला मागून घेतलं." आणि खरंच पोऱ्याला चहा आणायला पाठवलं! मी तशीच उठले.

बसमध्ये संकेश्वर सुटेपर्यंत नागेंद्रला शिव्या घालत होते. मग पुजाऱ्याला, मग ह्या फोनला, मग दिग्विजयला, की एवढा चांगला कॅमेरा असलेला फोन घेऊन दिलाच कशाला. सगळ्यांचं झालं तेव्हा मालुबाई आठवली. बेळगाव येईपर्यंत तोंडावर पदर धरून बसले होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

पिरनवाडीला गेले. रक्षाने दार उघडलं आणि आत जाऊन बसली, या म्हणाली नाही. मालुबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, नागेंद्र, फोटो, सगळं. म्हटलं, माझं चुकलं मालू, उद्यापासून ये.

ती तांदूळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "बायाक्का गेली. नवरात्रात."

मला माहीत नव्हतं. कुणी कळवलंच नाही. का कळवतील?

"तुमी काम सोडिवल्यावर माग न्हवता ऐकवायला. वडगावात कोन दारात उबं करंना. तिच्या पोरानं फोनवर मागाचा आवाज शोधून लावला, भजनं लावली. बोट हलिवलं न्हाय तिनं." सूप हलवत होती. "आपलाच माग वळकत हुती."

मी रडायला लागले. ती रडली नाही.

"आक्का, चोर म्हणालासा सगळ्या मुलखात, आनि चुकलं म्हणाया घरात आलासा."

बरोबर बोलली. संताप आला, पण बरोबर बोलली.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही ग्रुपवर लिहिलं. स्पष्ट लिहिलं, मालुबाई निर्दोष आहे, नक्षी माझ्याच फोटोंवरून गेली, मी तिची माफी मागते, तो व्हिडिओ सगळ्यांनी काढून टाकावा, आणि हा निरोप तेवढाच पुढे पाठवावा.

तीन अंगठे आले. मग कुणीतरी गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ पाठवली. मग एकाने विचारलं, 'आक्का आज दर्शन नाही का?' मग प्लॉट. संध्याकाळपर्यंत माझा निरोप कुठल्या कुठं वर गेला. नणंदेला फोन केला, तू तरी काढ गं तो व्हिडिओ. म्हणते, "माझ्यातनं काढते की वैनी, पन मी कुणाकुणाला पाठिवलाय ते मला तरी कुठं ठावं?" आणि माझा माफीचा निरोप पाठवलास का? "त्यात काय हाय पाठवण्यासारखं?"

हीच माणसं. 'धाडसी पाऊल' म्हणणारी हीच. बाईला चोर ठरवायला सगळ्यांची बोटं चालतात, ती चोर नाही म्हणायला एकाचंही चालत नाही. इतका राग आला की फोन गादीवर फेकला. जमिनीवर नाही फेकला, तेवढी अक्कल शिल्लक होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वडगावात स्वतः गेले. अप्पासाहेबांचा कारखाना मोठा, त्यांना कांड्या भरणारं माणूस पाहिजेच आहे. त्यांना म्हटलं, मालुबाईला घ्या, मी जामीन राहते. अप्पासाहेब भला माणूस, माझ्या ह्यांचे मित्र. तेसुद्धा म्हणाले, "वहिनी, तुमी म्हणता ते खरंच असंल. पन लोकांनी व्हिडिओ बगितलाय. माझी मानसं कुरकुर करतील." मी म्हटलं, माझा निरोप नाही वाचला त्यांनी? म्हणाले, "एवढं लांबलचक कोन वाचतंय?"

घरी येताना डोकं तापलं होतं. व्हिडिओ बघितलाय! मग बघाच. दारातून आत येऊन रवळूला माग बंद करायला सांगितला आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. ज्या मागासमोर मालुबाई उभी होती तिथंच उभी राहिले, कपाटातून दोन्ही साड्या काढून खांद्यावर टाकल्या, आणि म्हटलं, धर.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आपोआप आलं. "मी सरोजिनी, खासबाग. नक्षीची चोर मी आहे. माझी नक्षी मीच गावभर वाटली, देवीच्या नावावर, वाहवा मिळते म्हणून. आणि आळ घातला मालुबाईवर. ती मरणाच्या दारातल्या बहिणीला मागाचा आवाज ऐकवत होती. मला तिने तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही पण तिला नावं ठेवलीत, आता मला ठेवा."

रवळूचा हात हलला म्हणून व्हिडिओ जरा वाकडा आलाय. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खासबागची नक्षीचोर अखेर सापडली! बघा कोण आहे ती.' आणि 'मागवाले', 'देवीदर्शन', नणंद, जाऊबाई, नागेंद्र, सगळ्यांना सोडला.

दिग्विजयचा लगेच फोन. "आई, काय केलंस हे? बाबांच्या नावाचा कारखाना आहे. लोक हसतील."

"हसू देत. हसल्याशिवाय पुढं पाठवत नाहीत."

"आई, आत्ताच्या आत्ता काढ. अजून फार कुणी बघितला नसेल."

"म्हणूनच नाही काढत."

मग त्याला सांगितलं, तुझा तो कॅमेराही मी काढते आहे. रवळू लगेच शिडी घेऊन आला. शिडी आणायला मी सांगितलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिडिओ कोल्हापूरहून फिरून माझ्याकडे आला. कुणीतरी मला मिशा काढल्यात. कुणी मागे बँडबाजा लावलाय. खाली काय काय लिहिलंय! 'म्हातारीला ॲवॉर्ड द्या.' 'नाटक, साड्या विकायची नवीन आयडिया.' माझ्या नाकावर, माझ्या वजनावर, मी विधवा असून कुंकू का लावते ह्यावरसुद्धा. ही कोण माणसं आहेत? ह्यांना मी कधी बघितलं नाही, ह्यांच्या दारात कधी गेले नाही. माझ्या कुंकवाशी ह्यांचा काय संबंध? दिवसभर नुसती धुमसत होते.

मालुबाईच्या व्हिडिओखालीही असंच लिहिलं होतं, आणि मी अंगठे दिले होते. रात्री जेवताना ते आठवलं, घास तसाच ठेवला.

देवळाच्या पंचांनी निरोप पाठवला की आता फोटो काढू नका, देवीची बदनामी होते. नागेंद्र ग्रुप सोडून गेला, त्याच्या मागोमाग बरेच गेले. राहिलेल्यांना मी सांगितलं की दर्शन पाहिजे असेल तर देवळात या. मग तेही गेले.

जास्वंदीचा माल तसाच पडून आहे. दिवाळी गेली हातची. पुढचं पुढे बघू.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मालुबाईचा फोन आला. आपणहून केला.

"आक्का, व्हिडिओ बगितला. रक्षाच्या सासूनं दाखिवला. तिला तिच्या भाच्यानं पाठिवलाता."

"मग?"

"मग काय. अप्पासाहेबांनी बोलावणं धाडलं. कालपासनं वडगावात जातोय."

मला फार बरं वाटलं. म्हटलं, पगार बरा देतात ना, त्रास नाही ना कुणाचा? म्हणाली, न्हाय, चांगली मानसं हायत. मग मी विचारलंच. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"माझ्याकडं कधी येतेस गं?"

"न्हाय येत आक्का."

"कॅमेरा काढलाय मी."

"रवळूनं सांगितलं. त्येचं काय न्हाय." मग म्हणाली, "अप्पासाहेबांकडं क्यामेरा न्हाय. तरी मी जेवणाचा डबा उघडला की आदी वर भिताडाकडं बगतो. फोन वाजला तर हात पुसून तसाच बसतो, घेत न्हाय. बायका हसत्यात मला. आता ह्येला काय करायचं सांगा."

कॅमेरा काढल्याची भोकं भिंतीत अजून तशीच आहेत, तिकडं बघितलं.

"ठेवतो आक्का," ती म्हणाली. मी म्हटलं, ठेव.